चाकण ते चिंचवड, व्हाया बाल्कनी

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात दर वर्षी तीन-चार प्रवासवर्णनं असतात. बँकॉक, दुबई, एकदा तर स्वित्झर्लंड. बर्फात उभ्या जोडप्याचा फोटो आणि खाली विमानतळावरच्या कॉफीच्या किमतीबद्दल तक्रार. या वर्षी मीही एक देतोय. संपादक मॅडमना लिफ्टमध्ये सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, चाकण ते चिंचवड? हे प्रवासवर्णन आहे की बसचा रूट?"

दोन्ही आहे. छापायचं नसेल तर नका छापू, पण एक शब्द गाळायचा नाही. आपल्या इमारतीतले निम्मे लोक समुद्रापार जाऊन आलेत. त्यांतल्या किती जणांनी वीस-पंचवीस किलोमीटरवर जाऊन समोर वाजणाऱ्या ऑर्गनवर नाटकातलं पद ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. एकवीस वर्षं चाकणला आहे, लातूरकडून आलो तो थेट कंपनीच्या गेटवर. क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. तयार पीसला गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. फारसं बोलायचं नाही, हा या कामाचाही स्वभाव आहे आणि माझाही.

या वेळी मात्र बोलणार आहे.

माझी मुलगी वैष्णवी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला संगीत नाटकांचं वेड आहे. हे पेठेतल्या आजोबांचं खूळ चाकणच्या पोरीला कुठून लागलं, असं मला पुष्कळांनी विचारलंय. कुठून लागायला काय झालं? कान सगळ्यांनाच असतात. तीन वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका हौशी मंडळात तिने गायनाची निवड चाचणी दिली. अर्जात पालकांचा नंबर मागितला होता, म्हणून माझा दिला. चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. पलीकडे एक म्हातारा माणूस होता. "पोरीला घेतलंय. सोमवारपासनं तालमीला धाडा." मी म्हणालो, "तिला नाही जमायचं. तिला गायचंच नाहीये, अभ्यास आहे." त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला. घरी येऊन मी सांगितलं, फोन आलाच नाही.

अकरा दिवस ती मी आलो की आधी माझ्या खिशातल्या फोनकडे बघायची. बाराव्या दिवसापासून बघेनाशी झाली. तिने गाणं बंद केलं. नाटकं बघणं तेवढं ठेवलं.

असं का केलं, तर अभ्यासासाठी, असं मी स्वतःलाही बरेच दिवस सांगितलं. ते खरं नाही. तिला ते जमेल आणि ती आमच्यातून उठून दुसऱ्याच माणसांत जाऊन बसेल, याची मला भीती वाटली.

गेल्या आठवड्यात तिच्या आईकडून कळलं, की त्याच मंडळाने येत्या रविवारी नव्या नाटकासाठी निवड ठेवलीय आणि वैशू जाणार नाही म्हणते. कॉलेजचं शेवटचं वर्ष. यानंतर नोकरी, शिफ्ट, कॅब. आता नाही तर कधीच नाही, हे मलाही कळत होतं. रविवारच्या आत तिला खरं सांगायचं होतं. घरात तोंड उघडेना. म्हणून म्हणालो, "या आठवड्यात तू जिथं जिथं नाटकाला चाललीस, तिथं मी येतो."

ती म्हणाली, "तुम्ही? झोपाल."

गुरुवार, भोसरी

स्वस्तात नाटक बघायचं तिचं एक शास्त्र आहे. पहिला नियम, रंगीत तालीम सोडायची नाही. रंगीत तालीम म्हणजे प्रयोगाआधीची पूर्ण कपड्यांतली, पूर्ण गाण्यांसकटची तालीम. ओळख असेल तर कोणीही जाऊन बसावं, पैसे नाहीत.

बसच्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. चाकणचा चौक ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. भोसरीच्या एमआयडीसीत उतरलो, तर सगळं गप्प. मला भोसरी म्हणजे घणघणाट माहीत. पण गुरुवारी तिथे वीजबंदीची सुट्टी असते, मशिनी थांबलेल्या. शटर ओढलेल्या एका प्रेसशॉपच्या, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या कारखान्याच्या, बाजूने लोखंडी जिना वर जात होता. वर पत्र्याखाली मोठी खोली, तिथे मंडळाची तालीम. ती गुरुवारीच का, ते तेव्हा कळलं. खालचा पॉवर प्रेस चालू असला तर वर गाणं होणं शक्य नाही.

नाटकाचं नाव 'संगीत मोरपिसाचा खटला'. एक राजा, हरवलेलं मोरपीस आणि ते चोरल्याचा आरोप आलेली माळीण. खोलीत चारच खुर्च्या होत्या, बाकी सतरंजी. एका कोपऱ्यात तबला, दुसऱ्या कोपऱ्यात पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन. ऑर्गनवर पांढरं धोतर, डोक्याला टोपी, सत्तरीचे नाना. मंडळ त्यांचं, खालचं शॉप त्यांच्या पुतण्याचं आणि ती जमीन आधी त्यांच्या ज्वारीची. ते काही बोलले आणि मी ओळखलं. फोनवरचा तोच आवाज.

ऑर्गनचा पहिला सूर निघाला, सगळे नट हात जोडून ओळीत उभे राहिले आणि मीही ताडकन उठून उभा राहिलो. कंपनीत सकाळी भोंगा झाला की सगळी लाइन अशीच उभी राहते, मग सुरक्षेची शपथ होते. माझा उजवा हात शपथेसाठी पुढेही आला होता. वैशूने शर्ट ओढला.

"पप्पा! नांदी आहे. खाली बसा."

राजा झालेला माणूस गाता गाता हसू दाबत होता, ते मी पाहिलं. असो. नांदी उभं राहण्यासारखीच होती. पत्र्याखाली, ग्रीसच्या वासात सात-आठ माणसं एका सुरात आली आणि माझ्या हातावर काटा आला. गाव सोडल्यापासून असं काही अंगावर आलं नव्हतं.

तालीम संपल्यावर चहा झाला. वैशूच्या डब्यातले, तिच्या आईने केलेले धपाटे आणि शेंगाची चटणी मध्ये ठेवली. माळीण झालेल्या मुलीने चार खाल्ले आणि म्हणाली, "राव, काकू आमच्या मंडळात आल्या पाहिजेत." आमच्याकडे पाहुण्याला ताट वाढून देतात, इथे सगळे एकाच डब्यात हात घालत होते आणि नाना त्यांच्यावर खेकसत होते. "परवा स्पर्धा हाय. घशाला त्याल लावून ठेवा, आन त्याल खाऊ नका." मग म्हणाले, "गायचं मस्त, पन स्पर्धेत वन्स मोअर न्हाई. टाइम मोजत्यात. गानं संपलं की लोक गप. मयतीला आल्यावानी."

मग ते वैशूकडे वळले. "पोरी, तू आलीस, बरं वाटलं. तुला गायचं न्हाई त्ये ठावं हाय मला. ऐकाया येतीस, त्ये बी लय झालं."

मी चहाचा कप खाली ठेवला. तुला गायचं न्हाई. ते माझेच शब्द होते, तीन वर्षं त्या म्हाताऱ्याने जपून ठेवलेले.

जिना उतरताना वैशू म्हणाली, "ऐकलंत ना? अजून टोमणा मारतात. गायचं नाही म्हणे. येत नाही, असं सरळ म्हणा की."

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "जिना जपून. पायऱ्या तेलकट आहेत."

शुक्रवार

कामावर गेलो. प्रवासवर्णनात असे दिवस लिहीत नाहीत, पण एक गोष्ट लिहितो. नव्या पोराने गेज तिरका धरून सहा चांगले पीस लाल पेटीत टाकले. मी त्याला झापायला गेलो आणि मधेच थांबलो. आमच्या कामात खराब पीस पुढे गेला तर मेमो मिळतो. चांगला पीस लाल पेटीत गेला तर कोणी विचारत नाही. उलट म्हणतात, माणूस कडक आहे. मला लोक एकवीस वर्षं कडकच म्हणतात. ते सहा पीस मी हाताने काढून परत लाइनवर ठेवले.

शनिवार, चिंचवड

तिच्या शास्त्राचा दुसरा नियम म्हणजे स्पर्धेचे प्रयोग. तिकीट दोन वडापावच्या आत. तिसरा, बाल्कनीची शेवटची रांग. तिथे आवाज सगळ्यात चांगला पोचतो आणि पाय लांब करता येतात. आणि चौथा, फुकटचा पास कधीच घ्यायचा नाही. "पासवाले मध्यंतरात उठून जातात, पप्पा. तिकीट काढलेला माणूस शेवटपर्यंत बसतो."

"आणि रंगीत तालीम? ती फुकटच की."

"तिथं आपण धपाटे देतो."

चिंचवडच्या नाट्यगृहात दुपारी चारचा प्रयोग. मोठं थोरलं सभागृह, पुढच्या रांगांत पासवाले, बाकी माणसं इकडेतिकडे विखुरलेली. पुढच्या रांगेत टेबल लावून परीक्षक, त्यांच्यासमोर छोटा दिवा आणि घड्याळ. तिसरी घंटा झाली, पडदा गेला, नांदी झाली. या वेळी मी बसून राहिलो. गुडघे मात्र उठायला बघत होते.

पत्र्याखालचा राजा इथे खरंच राजा दिसत होता. माळिणीच्या पहिल्या पदाला वैशूचा हात मांडीवर ताल धरत होता आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण प्रत्येक शब्द ओठांवर होता. मी रंगमंचाकडे न बघता तिच्याकडेच बघत बसलो. हे आपण बंद केलंय. दुसऱ्या कोणी नाही.

मध्यंतरात कँटीनपुढे बटाटेवड्यासाठी झुंबड. आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसून डबा उघडला. तिने पाचवा नियम सांगितला. मध्यंतरानंतर खाली सरकायचं. पासवाल्यांच्या पुढच्या खुर्च्या रिकाम्या होतात, तिथे जाऊन बसायचं. सगळी पोरं तसंच करतात, दारावरचा माणूस बघून न बघितल्यासारखं करतो.

"मी नाही. आपलं तिकीट बाल्कनीचं आहे."

"तुमचं सगळं गेजमध्येच बसलं पाहिजे," ती हसून म्हणाली.

"उद्या त्या निवडीला का जात नाहीस?"

हसू गेलं. "एकदा रिजेक्ट केलंय त्यांनी मला. परत कशाला?"

"त्यांनी नाही केलं."

"म्हणजे?"

धपाटा हातातच होता. मी तो खाली ठेवला. "फोन आला होता, वैशू. तुला घेतलं होतं. मीच म्हणालो, तिला गायचं नाही."

 तिने डब्याचं झाकण लावलं, नीट चारी बाजूंनी दाबलं.

"अकरा दिवस," ती म्हणाली.

"हो."

"रोज माझ्याबरोबर जेवत होतात."

"हो."

"मी आईला म्हणाले होते, माझा 'ण' गावाकडसारखा 'न' होतो, म्हणून नसतील घेत. मी आरशासमोर बसून 'ण' म्हणत होते, पप्पा. तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात."

मला ते आठवत होतं. 'बाण, पाणी, वाणी,' असा आवाज आतून यायचा. मी पान उलटायचो.

पहिली घंटा झाली. ती उठली आणि आत गेली, बाल्कनीकडे नाही, खाली. मी वर जाऊन शेवटच्या रांगेत बसलो. वरून ती दिसत होती. सहावी की सातवी रांग, कडेची खुर्ची, ताठ मान.

दुसऱ्या अंकात माळीण न्यायासनासमोर उभी राहते. तिच्यावर आळ आहे, आणि खरं कोणी सांगत नाही, कारण खरं सांगणाऱ्याला राजाची भीती आहे. तिथे तिचं पद आहे. मला राग-बिग कळत नाही. एवढं कळलं, की ती मुलगी गुरुवारी गात होती त्याच्या दुप्पट गात होती. शेवटची तान घेऊन ती समेवर आली आणि सभागृहात नाना म्हणाले होते तसली शांतता पडली. मयतीची.

मी उभा राहिलो आणि ओरडलो, "वन्स मोअर!"

चाकणला आल्यापासून मी कुठेच ओरडलो नव्हतो. आवाज कुठून तरी तळातून आला आणि मध्येच फाटला. परीक्षकांनी वळून पाहिलं. स्वयंसेवक धावत बाल्कनीत आला. "काका, स्पर्धा आहे! वेळ मोजतात. बसा."

"माहितीये," मी म्हणालो. "पण गाणं चांगलं झालं की सांगायला पाहिजे."

"अहो, त्यांचे गुण कापतील!"

तेव्हा बसलो. पद पुन्हा झालं नाही, अर्थातच. पण माळिणीने एक क्षण वर अंधारात पाहिलं, नानांचा हात ऑर्गनवर एवढासा थबकून पुढे गेला आणि खालच्या रांगेत वैशूने मान वळवली. ती हसत नव्हती. पण बघत होती.

परतीची बस मोशीला आली. मग वैशू खिडकीकडेच बघत म्हणाली, "आवाज फाटला तुमचा."

"हं."

"उद्या किती वाजता आहे ते?"

"दहाला."

"तुम्ही यायचं नाही."

"मला नानांना सांगायचंय. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी."

तिने खिडकी ओढून लावली. "सांगा. पण मग बाहेर थांबायचं."

रविवार, पुन्हा भोसरी

आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं ते गल्लीत शिरल्याबरोबर आलं. सुट्टी गुरुवारी, म्हणजे रविवारी कामाचा दिवस. कॉलेजची पोरं यावीत म्हणून निवड रविवारी ठेवलेली, आणि खाली पॉवर प्रेस चालू. धाड... धाड... धाड. जिन्याचा कठडा हाताला थरथरत होता.

नाना जिन्यावरच भेटले. मी हात जोडले आणि सगळं सांगितलं. कारण तेवढं सांगितलं नाही, त्यांना त्याची गरज नव्हती. ते ऐकत राहिले, मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"त्या दिशी फोनवर तुमीच व्हता व्हय? आन काल बाल्कनीत?"

"मीच."

"काल शिव्या घातल्या मी तुमाला मनात. पन बरं बी वाटलं राव." मग टोपी घालून ते कडक झाले. "ह्ये बगा, तुमी सांगितलं म्हनून मी तिला घेनार न्हाई. आन तुमी लबाडी केली म्हनून सोडनार बी न्हाई. गाऊ द्या."

वैशू वर गेली. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. वर तंबोरा लागला असावा, प्रेसच्या आवाजात काही ऐकू येईना. नानांचा पुतण्या ऑपरेटरशी बोलत उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. "पोरगी तुमची का भाऊ? धा मिनिटं बंद ठेवू का प्रेस? तेवढं चालतं."

"हो" तोंडात आला होता. अगदी ओठांपर्यंत. चांगल्या मनानेच आला होता, पण मागच्या वेळेसारखाच, तिला न विचारता.

"थांबा," मी म्हणालो. "तिला विचारून येतो."

दार ढकललं. ती खोलीच्या मध्ये बसली होती, ओढणी आवळून. मला बघून कपाळाला आठी.

"खाली विचारतायत, प्रेस बंद ठेवू का? तू सांग."

तिने नानांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मान थोडी कलती करून जमिनीतून येणारा तो धक्का ऐकला. एक, दोन, तीन, चार.

"चालू राहू दे," ती म्हणाली. "लय बरी आहे."

मी दार लावून खाली आलो. ऑपरेटरला म्हणालो, "चालू राहू दे."

मग तिने गायला सुरुवात केली आणि त्या घणघणाटातून तिचा आवाज खाली आला. सगळा नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत जेवढा मावेल तेवढा, आणि दर ठोक्याला तो असा बरोबर येऊन टेकायचा, की ऑपरेटरने पेडलवरचा पाय नेमका ठेवायला सुरुवात केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला तीन वर्षांनी माझ्या मुलीचा आवाज ऐकू आला, लोखंडाच्या आडून, तुकड्या-तुकड्यांनी. 'ण' आला, तो आमच्याकडचाच होता. तसाच राहू दे.

ती खाली आली. अर्जावर नंबर कोणाचा दिला, एवढंच विचारलं. "माझा," ती म्हणाली, "या वेळी माझाच."

एवढंच प्रवासवर्णन. विमान नाही, बर्फ नाही, फोटोही नाही. वैशू माझ्याशी अजून पूर्वीसारखी बोलत नाही आणि तिने बोलावं असं मी म्हणणारही नाही. अंकातल्या फोटोंकडे बघून कोणी विचारलं, की तुम्ही या वर्षी कुठे गेला होतात, तर मी सांगेन, भोसरीला. आणि परत जाणार आहे, तिकीट काढून, शेवटच्या रांगेत.

हे सगळं लिहून झालं होतं. पण बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर लाइनवर असताना माझा फोन वाजला. त्या म्हाताऱ्याने नवा अर्ज बघितलाच नव्हता, जुन्या वहीतला माझाच नंबर लावला होता.

"हॅलो. नाना बोलतोय. पोरीला..."

"नाना, थांबा!" मी ओरडलो. बाजूच्या तीन मशिनींवरचे लोक वळले. "मला सांगू नका. मला काही सांगू नका. नंबर लिहून घ्या तिचा. तिला सांगा."

आणि मी एकेक आकडा करून, घसा ताणून, दहाच्या दहा आकडे सांगितले.

पलीकडे कागद फडफडला. मग नाना म्हणाले, "मशिनीत ऐकू न्हाई आलं. वन्स मोअर."

मी पुन्हा सांगितला.